नळाला हात लावायचा नाही

दिग्दर्शक स्वयंपाकघराच्या मधोमध डोळे मिटून उभा होता आणि प्लंबरकाका दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. गेली पाच मिनिटं हे असंच चाललं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात माणसाने ताटकळत उभं राहावं आणि आत कुणा परक्याने समाधी लावावी, हे काकांना मुळीच पटलेलं नव्हतं. पण पोरगा नम्र होता आणि आत येण्याआधी त्याने दोनदा विचारलं होतं, म्हणून ते गप्प होते.

नळातून थेंब निघाला आणि खालच्या बादलीत पडला. टप्प.

"वा," दिग्दर्शक म्हणाला.

"काय?"

त्याने बोट वर केलं. पुढचा थेंब पडेपर्यंत ते वरच राहिलं. मग त्याने डोळे उघडले तर ते चक्क पाणावलेले होते. "काका, मी अठ्ठेचाळीस घरं पाहिली. माझ्या नायकाचं घर हे आहे. आणि हा नळ म्हणजे त्याचं मन आहे. याला हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही म्हणजे? अहो, मी प्लंबर आहे."

दिग्दर्शकाने आधी काकांकडे पाहिलं, मग नळाकडे, मग पुन्हा काकांकडे. "खरंच?"

"चौतीस वर्षं."

"आणि हा नळ..."

"बघायचाय मला तो. वेळ झाला नाही."

"किती दिवस?"

"दोन वर्षं," काका म्हणाले, आणि वर तोंड करून पुढे म्हणाले, "कामं असतात माणसाला."

दिग्दर्शकाने मग सिनेमाची गोष्ट सांगितली. एक माणूस असतो. त्याची बायको त्याला सोडून गेलेली असते. घरात काही म्हणता काही बदलत नाही, नुसता थेंब पडत राहतो. त्या थेंबाकडे बघत बघत हा माणूस आतून ढासळत जातो, आणि एक दिवस उठतो, दार उघडतो आणि आयुष्य नव्याने सुरू करतो. "मानसशास्त्रीय आहे," तो म्हणाला.

"माझी बायको सोडून गेलेली नाही," काका म्हणाले.

"तुमची नाही हो काका. नायकाची."

"लेकीकडे गेलीये ती. नातवाला सांभाळायला."

"अरे वा. किती लहान आहे?"

नातू चौथीत होता. काकांनी विषय बदलला.

खरी गोष्ट अशी होती की काकूंना जाऊन पाच महिने झाले होते. भांडण असं झालंच नव्हतं. एका सकाळी काकूंनी भरलेली बादली मोरीत ओतली, रिकामी पुन्हा नळाखाली ठेवली, कपड्यांची बॅग भरली आणि म्हणाल्या, "अख्ख्या गावाचे नळ तुम्ही थांबवता. हा थांबेल त्या दिवशी फोन करा." तेव्हापासून दर रविवारी त्यांचाच फोन यायचा. "नळ?" "करतो." "बरं." एवढंच बोलणं. पहिला महिना काकांना खरंच वेळ नव्हता. दुसऱ्या महिन्यापासून मात्र वेगळीच अडचण झाली. आता नळ दुरुस्त केला तर बायको नळापायी गेली हे कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि एवढ्याशा नळापायी कुणी घर सोडतं का? सोडू नये. हा काकांचा मुद्दा होता आणि या मुद्द्यावर ते पाच महिने एकटे जेवत होते.

म्हणून दिग्दर्शक जेव्हा म्हणाला की, "पंधरा दिवस इथली एकही वस्तू हलवायची नाही, आणि जाताना आम्ही सगळं घर रंगवून, स्वयंपाकघर नव्या नळांसकट नवं करून देऊ," तेव्हा काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळही थांबेल आणि तो काकांनी थांबवलेलाही नसेल. काकू परत येतील आणि कुणाची मान खाली जाणार नाही. काकांनी कागद न वाचता सही केली.

चौथ्या दिवसापर्यंत त्यांना आपल्या सहीचा पश्चात्ताप व्हायला लागला होता.

त्या मंडळींमध्ये एक पोरगी होती. तिचं काम एकच, सगळ्या वस्तूंचे फोटो काढायचे आणि रोज सकाळी घर त्या फोटोंशी ताडून बघायचं. आजचा शॉट कालच्या शॉटला जुळला पाहिजे ना, म्हणून. तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे, सगळे तिला फोटोवाली म्हणत.

"काका, काल हा पेला या रेघेवर होता."

"मी पाणी प्यायलो."

"दुसऱ्या पेल्यातून प्या ना."

"दुसरा पेला कुठाय?"

"तो पण फोटोत आहे," ती जरा विचार करून म्हणाली.

काका बाटलीने पाणी पिऊ लागले. त्यांचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर जसा टाकलेला होता तसाच राहायला हवा होता, म्हणून ते अंग शर्टाला पुसू लागले. मोरीजवळ एक निळी रबरी चप्पल पडली होती. एकच. दुसरी कुठे गेली हे काकांनाही माहीत नव्हतं. ती उचलून फेकायला गेले तर फोटोवाली आडवी आली. "एकच चप्पल," दिग्दर्शक मागून हळूच म्हणाला, "असं काही आपल्याला लिहून सुचलं नसतं." काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणसाची एक चप्पल हरवते आणि हे त्यात साहित्य बघतात.

पण सगळ्यात जास्त राग त्यांना नायकाचा आला. देखणा बाप्या, डोळ्यांखाली रोज सकाळी काळी वर्तुळं रंगवून घ्यायचा आणि मग काकांच्या खुर्चीत बसून काकांच्या नळाकडे बघत राहायचा. मध्ये मध्ये तो काकांचा अभ्यास करायचा.

"काका, तुम्ही खांदे असेच पाडून बसता का?"

"मी खांदे पाडून बसत नाही."

"आत्ता पाडलेत."

एकदा काका कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यावर डोकावले. पडद्यावर एक माणूस खांदे पाडून बसला होता. शर्टाचं मधलं बटण उघडं, पुढ्यात न उचललेलं ताट, नजर नळावर. काकांना एक क्षण वाटलं की हे आपलंच चित्रण यांनी चोरून केलंय.

"हा मी आहे का?" त्यांनी विचारलं.

"छे छे," दिग्दर्शक म्हणाला, "हा फार एकटा माणूस आहे."

काका आतल्या खोलीत गेले, पलंगावर बसले आणि त्यांनी शर्टाचं मधलं बटण लावलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

रविवारी काकूंचा फोन आला. नेहमीसारखं "नळ?" आलंच नाही.

"घरात शूटिंग चाललंय म्हणे."

"हो."

"कसला सिनेमा आहे?"

"मानसशास्त्रीय."

"म्हणजे काय असतं त्यात?"

काकांनी सरळ सांगून टाकलं. "एक माणूस नळाकडे बघत बसतो."

काकू म्हणाल्या, "मी बुधवारी येते. बघायला. राहायला नाही, बघायला."

आता आली का पंचाईत? बुधवारी काकू येणार आणि बघणार काय, तर दहा-बारा परकी माणसं त्यांच्या वैऱ्याभोवती श्वास रोखून बसली आहेत आणि नवरा त्यांना वीज पुरवतोय. त्यानंतर त्या पुन्हा फोनसुद्धा करणार नाहीत, हे काकांना आरशासारखं स्वच्छ दिसलं. मुद्दा गेला खड्ड्यात. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना मुद्द्यापेक्षा काकू हव्याशा वाटल्या. आणि सिनेमावाल्यांचं काय? हे लोक खोटा पाऊस पाडतात, यांना एक थेंब पाडता येणार नाही?

मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर काकांनी हत्यारांची पिशवी काढली. मुख्य कॉक बंद केला, पाना लावून नळाचं डोकं खोललं आणि आतला वॉशर काढून बोटांत धरला. निळसर काळा, कडा वेड्यावाकड्या, कुणी सुरीने कापल्यासारखा. असला वॉशर काकांनी जन्मात बसवला नव्हता. कंपनीतूनच खराब आला असेल, असं म्हणून त्यांनी तो कचऱ्यात टाकला, नवा बसवला, वॉशर जिथे टेकतो ती बैठक घासून साफ केली आणि डोकं पुन्हा आवळलं. किती वेळ लागला ते इथे सांगण्यात अर्थ नाही. पुढे कळेलच.

नळ थांबला. घरात इतकं शांत झालं की काकांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला.

बुधवारी सकाळी आवाजवाला, म्हणजे कानांवर हेडफोन घालून बसणारा गृहस्थ, नेहमीसारखा आपल्या यंत्रापाशी बसला. त्याने हेडफोन घातले, काढले, यंत्राला दोन टपल्या मारल्या, पुन्हा घातले. मग उठून नळापाशी गेला आणि तोटीखाली तळहात धरून उभा राहिला.

"थेंब नाहीये," तो म्हणाला.

दिग्दर्शक धावत आला. फोटोवाली धावत आली. नायक डोळ्यांखाली एकच वर्तुळ रंगवलेल्या अवस्थेत धावत आला. सगळे मिळून नळाकडे बघू लागले.

"काका," दिग्दर्शकाचा आवाज अगदी बारीक झाला होता, "तुम्ही काही केलंत का?"

"दुरुस्त केला," काका म्हणाले. "प्लंबर आहे मी. आवाज तुम्ही मागाहून घाला की."

"आवाज घालू हो. पण थेंब दिसतो ना. अर्धा प्रसंग झालाय. नायकाच्या चेहऱ्यापुढून थेंब पडतो, चार मोजले की पडतो. आता पुढच्या अर्ध्या प्रसंगात काय दाखवू?"

"मग थोडा सैल करतो. त्यात काय एवढं?"

बोलायला सोपं होतं. काकांनी डोकं किंचित सैल केलं तर धार लागली. किंचित आवळलं तर काहीच नाही. पुन्हा सैल, तर थेंब असे भराभर पडायला लागले की नायक म्हणाला, "या वेगाने माझा माणूस ढासळणार नाही, पळून जाईल." नवा वॉशर घट्ट होता, बैठक साफ होती, काकांच्या हाताला चौतीस वर्षांची सवय होती. त्या हातांना गळती करताच येईना. कुणी बुडत्याला वाचवणाऱ्याला बुडवायला सांगावं तसं झालं.

"जुना वॉशर कुठाय?" फोटोवालीने विचारलं.

"कचऱ्यात."

"आणि कचरा?"

"सकाळीच गेला."

दिग्दर्शक भिंतीला टेकून खाली बसला. त्याने कागदाची घडी उलगडून काकांपुढे धरली. त्यात लिहिलं होतं की मालकाने काही बदल केल्यास तो मालकाने पूर्ववत करून द्यावा, अन्यथा रंगकाम आणि नवं स्वयंपाकघर ही दोन्ही कलमं रद्द. काकांनी तो कागद पहिल्यांदाच वाचला. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. चांगला नळ बिघडवून दिला नाही म्हणून शिक्षा, हा न्याय कुठला? त्यांनी तावातावाने पाना उचलला आणि दात-ओठ खात ते पुन्हा नळाशी झटू लागले.

नेमक्या याच वेळी काकू दारात आल्या.

काकूंनी बॅग दाराच्या आत ठेवली आणि समोर पाहिलं. त्यांचा नवरा नळावर ओणवा झाला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याच्या भोवती पाच-सहा माणसं उभी होती आणि नवरा त्यांना सांगत होता, "जरा दम धरा, गळेल. गळवतोच मी याला."

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातला पाना बादलीत पडला.

"काल थांबवला होता मी," काका एका दमात म्हणाले. "शपथ. काल संध्याकाळी थांबवला होता. या पोरीला विचार. तुझ्यासाठी थांबवला होता. आता हे लोक म्हणतात पुन्हा गळवा."

"पाच महिन्यांनी मी घरी येते," काकू सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही मेहनत घेताय. नळ गळावा म्हणून."

दिग्दर्शकानेच मध्ये पडून सगळी हकिकत सांगितली. काका खरं बोलत होते, नळ रात्रभर कोरडा होता, आम्हाला तो पूर्वीसारखाच हवा होता. काकू ऐकत होत्या आणि नळाकडे बघत होत्या. काकांनी सैल करून ठेवलेला नळ टपटप टपटप करत होता.

"हा तो नाही," काकू अखेर म्हणाल्या. "तो असा नव्हता. त्याच्या दोन थेंबांच्या मध्ये एक बशी विसळून व्हायची. मोठी नाही, लहान."

आवाजवाल्याने मान वर केली.

"बाजूला व्हा," काकू काकांना म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मोरीजवळची निळी रबरी चप्पल उचलली आणि सुरी मागितली.

"काकू, ती चप्पल फोटोत आहे," फोटोवाली कळवळून म्हणाली.

"खालून कापते. वरून तशीच दिसेल."

त्यांनी चपलेच्या तळातून रबराचा एक गोल तुकडा कापला, मधोमध भोक पाडलं, मुख्य कॉक बंद केला, पाना लावून नळाचं डोकं खोललं, काकांचा नवा वॉशर काढून काकांच्या हातावर ठेवला आणि आपला तुकडा बसवला. त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. डोकं आवळून त्यांनी अर्धा आटा मागे घेतलं आणि कॉक उघडला.

टप्प. सगळ्यांनी श्वास रोखले. आवाजवाल्याने जुनं रेकॉर्डिंग लावून एका कानाने ते आणि दुसऱ्या कानाने नळ ऐकला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "हाच," तो म्हणाला. "डिट्टो हाच."

काका मात्र हातातल्या वॉशरकडे बघत उभे होते. त्यांना कालचा तो निळसर काळा, वेडावाकडा वॉशर आठवत होता. "तो तू कापला होतास?" त्यांनी विचारलं.

"मग काय करणार? आधी धार लागली होती. सहा कापले तेव्हा एक बसला. त्यात दुसरी चप्पल गेली."

"माझा पाना घेतलास?"

"तुम्ही वापरत नव्हता."

काकांना खूप राग आला. पण कुणाचा, हे ठरवता येईना. काकूंचा यावा तर तसं कारण सापडत नव्हतं. शेवटी राग जिथून निघाला होता तिथेच परत येऊन बसला. आपल्या घरात आपल्या बायकोने आपल्या हत्यारांनी नळ खोलला, सहा वेळा खोलला, आणि आपल्याला पत्ता नाही.

थेंब पुन्हा बिघडेल या भीतीने दिग्दर्शकाने लगेच कॅमेरा सुरू करून अर्धा तास चित्रण करून घेतलं. काकू सोफ्यावर शांत बसून होत्या. ते संपताच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बघून झालं. येते मी." त्या दाराकडे गेल्या आणि बॅगेला हात घातला.

"काकू, थांबा," फोटोवाली ओरडली. "बॅग हलवू नका. शॉटमध्ये आलीये."

"माझी बॅग आहे ती."

"हो, पण आता ती त्यांच्या बायकोची झालीये. नायकाच्या. आता प्रसंग संपेपर्यंत ती तिथेच हवी. अजून आठ दिवस."

काकूंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने हात जोडले. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटोवालीकडे प्रेमाने पाहिलं.

"माझे कपडे आहेत तिच्यात," काकू म्हणाल्या.

"कपडे काढून घ्या ना. आम्ही आत वर्तमानपत्रं भरतो. बाहेरून तशीच फुगलेली दिसेल."

अशा रीतीने काकू आठ दिवस राहिल्या. काकांशी त्या कामापुरतं बोलायच्या, तेही अर्धंच. पण सिनेमावाल्यांशी त्यांची चांगली गट्टी जमली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना शेवट सांगितला. नायक उठतो, दार उघडतो आणि निघून जातो. नवं आयुष्य. मागे रिकामं घर आणि पडणारा थेंब.

"नळ तसाच सोडून?" काकूंनी विचारलं.

"ते प्रतीक आहे काकू. जुनं मन तो मागे सोडतो."

"आणि पुढे जाऊन राहणार कुठे?"

"दुसरीकडे. नव्या घरी."

"तिथे नळ नसेल?" काकूंचा आवाज चढला. "दुसऱ्या घरी जाईल, तिथला वॉशर झिजेल, हा पुन्हा खुर्ची टाकून बघत बसेल. असली कसली नवी सुरुवात? निघून जाणं मलाही जमतं. मी करून बघितलंय. जिथे गळतंय तिथे हात घाला म्हणावं त्याला."

दिग्दर्शक दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी त्याने शेवट बदलला.

आता नायकाने नळ दुरुस्त करायचा होता. एकाच शॉटमध्ये, मध्ये कुठेही न तोडता, पहिल्या आट्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत. पण नायकाने पाना हातात घेतला तो कंगवा धरावा तसा. काकांना ते बघवेना. शेवटी असं ठरलं की हात काकांचे दाखवायचे. नायकाचा शर्ट काकांना चढवला. तो दंडात घट्ट होत होता. काकू स्टूल घेऊन कडेला बसल्या.

पहिल्या वेळी काकांची सावली पडली. दुसऱ्या वेळी पाना निसटला. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं आणि शेवटी नायकाला शिंक आली, जो त्या शॉटमध्ये नव्हताच. दर वेळी नळ दुरुस्त झाला की काकू उठायच्या, आपला चपलेचा वॉशर पुन्हा आत बसवायच्या आणि स्टुलावर जाऊन बसायच्या. मग काका तो काढायचे. चार वेळा, पाच वेळा, सहा वेळा. काकू बिघडवतायत आणि काका दुरुस्त करतायत, असं दुपारपर्यंत चाललं.

"वेळ मात्र दर वेळी अगदी तेवढाच लागतो हं," आठव्या वेळेनंतर आवाजवाला कौतुकाने म्हणाला. "चार मिनिटं. एक सेकंद इकडे तिकडे नाही."

स्टुलावरच्या काकूंनी मान वर केली.

"किती?" काकूंनी विचारलं.

"चार मिनिटं, काकू."

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष मी बादल्या ओतल्या. आणि आज सकाळपासून तुम्ही हा आठ वेळा दुरुस्त केलात."

काकांना बोलायचं होतं. लोकांच्या घरचे नळ करून हात भरून यायचे, घरी आल्यावर नळाचं तोंड बघवायचं नाही, तू एकदा जोरात ओरडली असतीस तर केला असता, असं बरंच काही त्यांच्याकडे तयार होतं. पण ते मनातल्या मनात म्हणून बघितलं तर त्यातलं एकही वाक्य चार मिनिटांपुढे टिकेना. तेवढ्यात दिग्दर्शकाने नववी वेळ सुरू केली.

काकांनी पाना लावला, डोकं खोललं, निळा वॉशर काढला, नवा बसवला. डोकं आवळताना शेवटच्या आट्याला ते क्षणभर थांबले, त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी आटा पुरा केला. तोटीच्या टोकाला एक थेंब जमला, लोंबला, आणि पडला नाही.

"ओके," दिग्दर्शक कुजबुजला. त्याचे डोळे पुन्हा पाणावले होते. या पोराला मुळात रडायला काही लागतच नव्हतं.

"चित्र ओके," आवाजवाला म्हणाला. "पण मध्ये कुणीतरी बोललंय. शेवटी शेवटी. 'चुकलं माझं', असं काहीतरी ऐकू येतंय."

काका नायकाच्या शर्टाची बटणं काढण्यात गुंतले होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"काढून टाक ते," दिग्दर्शक म्हणाला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "सिनेमातून काढा हवं तर. पण त्याची एक प्रत मला द्या. पुन्हा कधी ऐकायला मिळेल, काही सांगता येत नाही."

आठव्या दिवशी सामान गाड्यांत भरलं गेलं. रंगवायला माणसं सोमवारी येणार होती. फोटोवालीने शेवटचा फोटो काढला, वही मिटली आणि म्हणाली, "काकू, आता बॅग हलवली तरी चालेल." आणि ती गेली.

घरात दोघंच उरले. बॅग दारापाशी होती, दार उघडं होतं. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. जा म्हणायचं नव्हतं आणि थांब म्हणायचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हे ठरत नव्हतं. काकूंनी बॅग उचलली. ती वर्तमानपत्रांनी भरलेली होती, त्यामुळे एका बोटानेही उचलली गेली. त्यांनी दाराबाहेर एकदा पाहिलं, पायाने दार लोटलं आणि बॅग घेऊन त्या आतल्या खोलीकडे चालू लागल्या.

"मोरीच्या दाराची कडी लागत नाही," आतून त्यांचा आवाज आला. "तीन वर्षं झाली. की तिच्यासाठीही सिनेमावाले बोलवायचे?"

काकांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि जाता जाता भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघून ठेवलं.